मधली सुट्टी हाही अभ्यासच

करोनाच्या साथीमुळे १६ मार्च २०२० पासून फ्रान्समधल्या शाळा बंद झाल्या. फ्रान्सबाहेर पसरलेल्या पाचशेहून अधिक फ्रेंच शाळांपैकी बहुतेकींना त्याच सुमारास कुलूप लागलं. पुदुच्चेरीतली, १८२६ साली सुरू झालेली फ्रेंच शाळाही त्यांतलीच.

या द्विभाषिक शाळांतल्या अनेक मुलांच्या घरी फ्रेंच बोलली जात नाही. त्यांची फ्रेंच वर्गात रुजते, पण फोफावते ती मधल्या सुट्टीत: कँटीनच्या रांगेत, खेळातल्या भांडणात, मैत्रिणीच्या कानात सांगितलेल्या गुपितात. पडद्यावरून व्याकरण शिकवता आलं. हे बोलणं मात्र थांबलं. अनोळखी भाषेतला गृहपाठ समोर घेऊन बसलेल्या पालकांची घालमेलही कुणी फारशी नोंदवली नाही.

३ एप्रिलला बाकालोरेआच्या, म्हणजे फ्रान्समधल्या शालान्त परीक्षेच्या, लेखी परीक्षा रद्द झाल्या. १८०८ साली सुरू झालेल्या या परीक्षेचा निकाल त्या वर्षी वर्षभराच्या गुणांवर लागला. मुलांचा ताण सरला, पण सोबत्यांचा निरोप घेणंही राहून गेलं.

ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या टाळेबंदीत फ्रान्सने सहा वर्षांवरील मुलांना मास्क सक्तीचा केला, पण शाळा उघड्या ठेवल्या. तो निर्णय आम्हाला मोलाचा वाटतो. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांनीही हीच तुटलेपणाची वर्षं सोसली. त्यांचा बुडालेला अभ्यास आपण मोजला. हरवलेली सोबत भरून देण्याची जबाबदारीही शाळांनी आणि आपण सर्वांनी घ्यायला हवी.