भीतीला मार्क किती?

हॉस्टेलवर वादाला विषय कधी कमी पडत नाहीत. मेसची उसळ, व्हायव्हाला येणारे एक्स्टर्नल, कुठला हिरो भारी, काहीही चालतं. पण ट्रिपची बोलणी सुरू झाली आणि त्यात खोपोलीच्या इमॅजिकाचं नाव आलं की दोन तट हमखास पडतात. एक तट म्हणतो, "नायट्रोवर बसायचं, बास! बाकी सगळं लहान पोरांचं." दुसरा म्हणतो, "अरे, एवढे पैसे भरायचे, तासभर रांगेत उभं राहायचं, ते त्या दोन मिनिटांसाठी? दिवसभर करायचं काय?" तिसराही एक गट असतो, पण तो गप्प असतो. त्याला उंचीची भीती वाटते आणि ते बोलून दाखवायची हॉस्टेलवर सोय नसते. त्याच्याकडे पुढे येऊच.

मित्रांनो, हा वाद फक्त आपल्याकडेच होतो असं समजू नका. अमेरिकेत रोलर कोस्टरच्या वेड्यांची १९७८ पासून चक्क संघटना आहे, अमेरिकन कोस्टर एन्थुझिअस्ट्स नावाची. ही मंडळी आपण आजवर किती कोस्टरवर बसलो ते मोजून ठेवतात आणि अशा प्रत्येक कोस्टरला 'क्रेडिट' म्हणतात. (आपलंही तेच, फक्त त्यांना एटीकेटी लागत नाही.) आणि भांडतात कशावरून, तर याच प्रश्नावरून: राईड चांगली म्हणजे किती उंच, किती वेगवान, किती भीतीदायक? की आणखी काही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. भीती वाटणं आणि धोका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो माणूस 'किती डेंजर आहे' यावरून राईडला मार्क देतो तो चुकीचा पेपर तपासतोय. आणि इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी तो तसा तपासू नये.

आधी उंचीचं बघू. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कमध्ये २००५ साली 'किंगडा का' नावाची कोस्टर सुरू झाली. नावातच 'का' हा प्रश्न, हे आपल्या मराठी कानांना गमतीचं वाटेल, पण प्रश्न खराच होता. उंची ४५६ फूट, म्हणजे जवळपास १३९ मीटर. हायड्रॉलिक यंत्रणा गाडीला साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरपर्यंत न्यायची. सुरू झाली तेव्हा जगातली सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान कोस्टर हीच. आणि पुढे? वर जायचं, खाली यायचं, एक उंचवटा ओलांडायचा, संपलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा खेळ. त्यात ती यंत्रणा वरचेवर बंद पडायची. म्हणून खरे दर्दी लोक काय म्हणायचे माहीत आहे? एकदा बसायला भारी, मग शेजारी चला. शेजारी म्हणजे त्याच पार्कात २००६ साली आलेली 'एल तोरो' नावाची लाकडी कोस्टर. उंची १८१ फूट, निम्म्याहूनही कमी. पण एकामागून एक असे उंचवटे, की माणूस सीटवरून पुन्हा पुन्हा उचलला जातो. किंगडा का २०२४ च्या मोसमानंतर बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोटकं लावून पाडली गेली. सर्वांत उंच असूनही वीस वर्षं काही टिकली नाही.

आता दुसरं टोक बघा. पेनसिल्व्हेनियात नोबेल्स नावाचं जुनं पार्क आहे. तिथे 'फिनिक्स' नावाची लाकडी कोस्टर आहे. ती १९४७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत उभी राहिली होती. ते पार्क बंद पडलं, तेव्हा नोबेल्सवाल्यांनी तिचे लाकडाचे तुकडे सुटे करून आणले आणि १९८५ मध्ये पुन्हा जोडून उभी केली. उंची फक्त ७८ फूट! आपल्या शहरातल्या आठ मजली इमारतीएवढी. आणि तरी या क्षेत्रातल्या गोल्डन तिकीट पुरस्कारांमध्ये तिने अलीकडच्या वर्षांत सर्वोत्तम लाकडी कोस्टरचा मान पुन्हा पुन्हा मिळवला आहे. कारण काय, तर तिचे चढउतार अशा मापाने बसवलेत, आणि मांडीवरचा दांडा इतका मोकळा आहे, की उंचवट्यावर माणूस खरोखर सीट सोडतो.

यामागचं गणित आपल्याला फर्स्ट इयरलाच शिकवलेलं असतं, पण परीक्षेनंतर आपण ते विसरतो. शरीराला वेग कळतच नाही. विमान ताशी आठशे किलोमीटरने जात असतं आणि आपण निवांत चहा पितो. शरीराला कळतो तो वेगातला बदल. पोटात गोळा येतो तो वेगाने नाही, त्वरणाने. आणि मनाला कळतं ते फक्त डोळ्यांना जे दिसतं, किंवा जे दिसत नाही, ते. डिस्नेची फ्लोरिडातली 'स्पेस माउंटन' १९७५ पासून चालू आहे. तिचा जास्तीत जास्त वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. आपल्या कॉलेजरोडवर पोरं याहून जोरात बाईक मारतात! पण ती राईड अंधारात आहे. पुढचं वळण कुठे आहे हे दिसत नाही, म्हणून शरीर तयारीत राहू शकत नाही, आणि लोक किंचाळत बाहेर येतात. हे काम मोटरने नाही केलं, दिवे बंद करणाऱ्याने केलं.

कोस्टर चढताना येणारा तो 'टक टक टक' आवाज आठवा. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, रॅचेट आणि पॉल. गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेली सुरक्षेची सोय आहे ती. पण माझ्या मते अख्ख्या राईडमधला सर्वांत भीतीदायक भाग तोच. म्हणजे बघा, जी वस्तू तुम्हाला वाचवायला ठेवलीय तिचाच आवाज ऐकून तुम्ही घाबरता. यापेक्षा सुंदर डिझाइन मला तरी माहीत नाही.

आणि सिव्हिलवाल्यांसाठी खास. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' नावाची उलटी फिरणारी राईड होती. तिचं कडं अगदी गोल, कंपासने काढल्यासारखं. गोल कड्यात माथ्यावर गाडी पडू नये एवढा वेग ठेवला, तर तळाशी किती जी येतात? आकडेमोड करा, सहा येतात. आणि घर्षणाचा विचार करून वेग थोडा जास्त ठेवावा, तर त्याहूनही वर. लोकांच्या माना लचकायच्या. मग १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये जर्मनीच्या अँटोन श्वार्झकोफ आणि वर्नर स्टेंगेल यांनी 'रेव्होल्यूशन' बांधली, आणि तिच्या कड्याला गोलाऐवजी क्लोथॉइडचा आकार दिला. तळाशी त्रिज्या मोठी, माथ्यावर लहान, उलट्या अश्रूच्या थेंबासारखं. क्लोथॉइड म्हणजे तोच, जो आपण ट्रान्सपोर्टेशनच्या पेपरला रस्त्याच्या ट्रान्झिशन कर्व्हमध्ये रट्टा मारून लिहितो. लूप जास्त 'डेंजर' व्हावा म्हणून नाही, माणसाला सोसावा म्हणून हा शोध लागला. सोसू लागला म्हणून तर मग लोक पुन्हा पुन्हा बसू लागले.

इथेच माझा मुद्दा येतो. भीती विकत घेताना आपण खरं म्हणजे विश्वास विकत घेत असतो. वर गेल्यावर हृदय घशात येतं ते खरं, पण बोल्ट जागेवर आहे ही खात्री मनात कुठेतरी असते, म्हणूनच खाली आल्यावर हसू येतं. आमच्या गावच्या जत्रेत मी एका आकाशपाळण्याच्या पाळण्याला पिनेच्या जागी तार गुंडाळलेली पाहिली आहे. त्या पाळण्यात बसायलाही भीती वाटते, पण तिला मी राईडची भीती म्हणणार नाही. मौत का कुआँची गोष्ट वेगळी, तिथे जिवाशी खेळणारा तो गाडीवाला कसबी कलाकार असतो आणि आपण वरून बघत असतो. पाळण्यात मात्र आपण आणि आपली धाकटी बहीण बसलेली असते. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झोक्यासारखी एक राईड हवेतच तुटली आणि माणसं गेली. रांगेत उभं असताना त्यांच्यापैकीही कुणीतरी 'जाम डेंजर दिसतेय' असं कौतुकाने म्हटलं असेल.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं, परदेशात सगळं कसं शिस्तीत, असंही समजू नका. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये 'स्मायलर' नावाची कोस्टर आहे. २०१३ साली आली ती चौदा वेळा उलटं करण्याचा जागतिक विक्रम घेऊन. २ जून २०१५ ला तिची एक रिकामी गाडी रुळावर मध्येच अडकली. कोस्टरवर रेल्वेसारखीच ब्लॉक पद्धत असते: पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. त्या दिवशीही संगणकाने मागची गाडी बरोबर थांबवली होती. पण कर्मचाऱ्यांना वाटलं, संगणकच चुकतोय. त्यांनी तो थांबा हाताने रद्द केला आणि सोळा माणसं असलेली गाडी पुढे सोडली. दोन तरुण मुलींना पाय गमवावा लागला. कंपनीला २०१६ मध्ये ५० लाख पौंडांचा दंड झाला. यंत्रणा बरोबर होती, इंटरलॉक बरोबर होता, फक्त तो 'उगाच ट्रिप होतोय' असं माणसांना वाटलं. लॅबमध्ये 'सर, हा एमसीबी उगाच पडतोय' म्हणून तो टेप लावून वर बांधणाऱ्या महाभागांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

तेव्हा राईडची क्वालिटी बघायची तर आधी तिची देखभाल बघा. सकाळी पहिल्या फेऱ्या रिकाम्या सोडतात का? ऑपरेटर प्रत्येकाचा बार स्वतः हाताने ओढून पाहतो का, की लांबूनच अंगठा दाखवतो? एखादी राईड 'तपासणीसाठी बंद' असेल तर आपण गेटवर भांडतो, पैसे परत मागतो. खरं तर त्या बंद राईडच्या पार्कवर माझा जास्त विश्वास बसतो.

आता तो गप्प बसणारा तिसरा गट. त्याला ओढत नेऊन नायट्रोवर बसवणं, रडवेला झाला की मोबाईलवर शूटिंग करणं आणि वर्षभर दाखवत फिरणं, याला काही लोक मैत्री म्हणतात. मी त्याला दुसरं नाव देतो, आणि ते नाव कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दर जुलैत लागतं. पार्कात व्हरायटी हवी ती याच्यासाठी. नोबेल्समध्ये आत जायला पैसेच पडत नाहीत, बसाल त्या राईडचं तिकीट. त्यामुळे आजोबा बाकावर बसून नातवाला बघू शकतात. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांमध्ये गेटवरच एकच मोठं तिकीट, मग चार राईडवर बसा की चौदा. अशा ठिकाणी न घाबरवणाऱ्या राईडही चांगल्याच हव्यात, कारण घाबरणाऱ्यानेही तेवढेच पैसे भरलेले असतात.

या बाबतीत इमॅजिकाला मी मार्क देतो. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कात नायट्रो आहे. पायाखाली जमीन नसलेली, पाच वेळा उलटं करणारी, स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड मॅबिलार्डने बनवलेली. (याच कंपनीची याच नावाची एक कोस्टर किंगडा काच्या त्या पार्कातही आहे. गोंधळू नका.) पण मला तिथली जास्त आवडलेली राईड म्हणजे राजासॉरसची पाण्यातली सफर. हा काही कल्पनेतला राक्षस नाही. गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये ज्याचं शास्त्रीय नाव ठरलं, तो आपल्या नर्मदेकाठचा डायनोसॉर, राजासॉरस नर्मदेन्सिस. आपल्या मातीतली गोष्ट घेऊन राईड बांधता येते, हे कुणाला तरी सुचलं. अशा आणखी दहा गोष्टी सह्याद्रीत पडून आहेत. कुणी बांधल्या तर उंचीचा विक्रम नसला तरी मी रांगेत उभा राहीन.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही: पहिली रांग की शेवटची? पुढे बसणाऱ्याला दृश्य मिळतं. पण पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागची सगळी गाडी अजून चढतच असते, म्हणून तो हळूहळू खाली उतरतो. शेवटचा डबा माथ्यावर पोहोचेपर्यंत पुढच्यांनी वेग घेतलेला असतो, त्यामुळे तो अक्षरशः खेचून फेकला जातो. त्याच तिकिटात जास्त त्वरण. पहिली रांग ज्यांना हवी त्यांनी खुशाल घ्यावी, तिथली रांगही लांब असते.