खर्च नेमका कशाचा मोजावयाचा?

अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा विषय निघाला की हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि एमआयटी यांपलीकडे आपल्याकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही. वस्तुतः त्या देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी साधारणतः तिघांतला एक गावोगावच्या ‘कम्युनिटी कॉलेजां’त शिकत असतो. दिवसभर दुकानात, गोदामात, रुग्णालयात किंवा कचेरीत काम करावे आणि सायंकाळी वर्गात येऊन बसावे, हा तेथील असंख्य विद्यार्थ्यांचा परिपाठ आहे. या वर्गांतून वर्षानुवर्षे जे विषय शिकविले जातात, त्यांत प्राथमिक व्यवस्थापकीय हिशेबशास्त्र हा एक होय. विषयाचे नाव रुक्ष आहे आणि वृत्तपत्राच्या पानावर त्याची चर्चा व्हावी असे त्यात काय आहे, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाचा जो वाद अमेरिकेत चालू आहे आणि जो वेगळ्या रूपाने आपल्याकडेही चालू आहे, त्याची किल्ली याच विषयाच्या पहिल्या दोन-चार प्रकरणांत आहे.

खुले दार

इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी या प्रयोगास प्रारंभ झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांची ही कल्पना. विद्यार्थ्याने पहिली दोन वर्षे आपल्या गावातच शिकावे आणि पुढील दोन वर्षांसाठी विद्यापीठात जावे, असा तिचा आशय होता. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणावे, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आपल्या बृहत् आराखड्यात तर शिक्षणाचा लाभ घेऊ शकेल अशा प्रत्येकाला या महाविद्यालयांचे दार उघडे राहील, असे वचनच दिले. त्या राज्यात १९८४ पर्यंत रहिवाशांना शिकवणीचे शुल्कही नव्हते. २०१२ पासून ते एका श्रेयांकाला ४६ डॉलर आहे आणि गरीब विद्यार्थ्यांना तेही माफ होते.

हे सर्व स्पृहणीय आहे, यात शंका नाही. परंतु दार उघडे असणे आणि घरात प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६० सालीच बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने एक अप्रिय निरीक्षण नोंदविले होते. ज्या विद्यार्थ्याला विद्यापीठ सामावून घेणार नाही, त्याच्या आकांक्षा हळूहळू शांत करून त्याला कमी पल्ल्याच्या मार्गाला लावणे, हे कार्य ही महाविद्यालये न बोलता पार पाडतात, असा त्याचा निष्कर्ष होता. आजचे आकडे त्या निरीक्षणाला पुरते खोटे पाडत नाहीत. प्रवेश घेताना सुमारे ऐंशी टक्के विद्यार्थी चार वर्षांची पदवी घेण्याचा मनोदय व्यक्त करतात. प्रत्यक्षात विद्यापीठापर्यंत पोचतो तो सुमारे एकतृतीयांश वर्ग, आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती जेमतेम सहांतील एकाच्या.

आतल्या माणसाचा हिशेब

हे विद्यार्थी ज्या वर्गात बसतात, तेथे त्यांना काय शिकविले जाते? पहिल्या सत्रात ते जमाखर्च, ताळेबंद आणि नफातोटा पत्रक शिकलेले असतात. तो हिशेब बाहेरच्यांसाठी असतो. म्हणजे भागधारक, बँका आणि करखाते यांच्यासाठी. व्यवस्थापकीय हिशेबशास्त्र मात्र आतल्या माणसासाठी आहे. ही वस्तू घडवावी की विकत घ्यावी, हा ग्राहक कमी दराने माल मागतो आहे त्याला तो द्यावा की नाकारावा, तोट्यातील विभाग बंद केला तर तोटा खरोखर जाईल की त्याचा भार उरलेल्या विभागांवर पडेल, असे प्रश्न या विषयात येतात. गेलेल्या वर्षाचा निवाडा करण्यापेक्षा उद्याचा निर्णय करणे हे त्याचे काम. दुकानातील नोकर किंवा कचेरीतील कारकून येथे प्रथमच व्यवसायाकडे मालकाच्या खुर्चीतून पाहतो. या विषयाचे सामाजिक मोल आहे ते येथे.

त्याचा इतिहासही मनोरंजक आहे. १७७२ च्या मंदीत इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवुड आपल्या कारखान्याच्या वह्या घेऊन बसला, तेव्हा त्याला आढळले की, माल कमी काढला म्हणून काही खर्च कमी होत नाहीत. ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालूच राहतात. स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भेद आज पहिल्याच आठवड्यात शिकविला जातो. तो त्याला असा ठेच लागून उमगला. पुढे १९२३ साली जे. मॉरिस क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने वरखर्चाचे अर्थशास्त्र मांडले आणि वेगवेगळ्या हेतूंसाठी खर्चाची वेगवेगळी मोजणी करावी लागते, हा सिद्धान्त प्रस्थापित केला. १९२४ साली जेम्स मॅकिन्झी यांचे या विषयाचे पाठ्यपुस्तक निघाले. दोनच वर्षांनी त्यांनी जी सल्लागार संस्था काढली, तिचे नाव आज जगभर झाले आहे.

क्लार्कचा सिद्धान्त हे या विषयाचे मर्म आहे. ‘या वस्तूला किती खर्च येतो?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. खर्च कशाचा मोजावयाचा, कोणत्या निर्णयासाठी मोजावयाचा, हे आधी ठरावे लागते. सूत्रे आणि कोष्टके त्यानंतर येतात. १९८७ साली जॉन्सन आणि कॅप्लन या दोघा प्राध्यापकांनी सबंध अमेरिकी उद्योगाला दोष दिला तो यासाठीच. बाहेरच्यांना दाखविण्यासाठी तयार केलेल्या आकड्यांवरून आतले निर्णय घेतले जाऊ लागले आणि हिशेब निरुपयोगी झाला, असे त्यांचे म्हणणे होते.

शिकणारा आणि शिकविणारा

आता हाच भेद वर्गालाच लावून पाहावा. चार श्रेयांकांच्या विषयाला कॅलिफोर्नियात शुल्क पडते १८४ डॉलर. परंतु विद्यार्थ्याचा खर्च तेवढाच नसतो. घरभाडे, प्रवास, मुलांना सांभाळण्याची सोय आणि वर्गासाठी सोडून द्यावी लागणारी मजुरी या गोष्टी कोणत्याही पावतीवर दिसत नाहीत. नव्या पाठ्यपुस्तकाची किंमत कित्येकदा शुल्काच्या बरोबरीला येते. त्यात आणखी एक भर पडली आहे. गृहपाठ आता पुष्कळ ठिकाणी प्रकाशकाच्या संगणकीय व्यवस्थेतूनच द्यावा लागतो आणि तीत शिरण्यासाठी सांकेतिक क्रमांक विकत घ्यावा लागतो. पुस्तक मित्राकडून मागून आणता येत असे, ग्रंथालयात बसून वाचता येत असे. हा क्रमांक उसना मिळत नाही. म्हणजे शुल्क माफ झालेल्या विद्यार्थ्यालाही गृहपाठ सादर करण्यासाठी पैसे मोजणे भाग पडते. राईस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ उपक्रमाने २०१९ साली या विषयाचे पाठ्यपुस्तक विनामूल्य उपलब्ध करून दिले, ही या अंधारातील एक दिलाशाची गोष्ट होय.

शिकविणाऱ्याची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. या महाविद्यालयांतील सुमारे दोनतृतीयांश अध्यापक अर्धवेळ असून त्यांना वर्गागणिक मोबदला मिळतो. पुरेसे विद्यार्थी न आल्यास वर्ग रद्द होतो आणि अध्यापकाची त्या सत्राची कमाईही जाते. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील भेद फळ्यावर समजावून सांगणारा अध्यापक संस्थेच्या वहीत स्वतःच एक बदलता खर्च असतो, हा विपर्यास त्याच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नसेल असे नाही. संस्थाचालकांनाही सर्वस्वी दोष देता येणार नाही. सरकारी अनुदान पटसंख्येवर मिळत असेल, तर वर्ग भरलेला दाखविणे आणि दरडोई खर्च कमी राखणे, हेच शहाणपणाचे ठरते. विद्यार्थी पुढे टिकला की मध्येच निघून गेला, हे त्या हिशेबात येतच नाही.

दरडोई की दर पदवी?

न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने २००७ साली ‘असाप’ या नावाने जो उपक्रम सुरू केला, त्याचे महत्त्व या संदर्भात आहे. त्यातील विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकावे अशी अट असते. मोबदल्यात त्याला शुल्काची उरलेली रक्कम, पाठ्यपुस्तके, शहरातील प्रवासाचा पास आणि नेहमी भेटणारा एक सल्लागार मिळतो. एमडीआरसी या संशोधनसंस्थेने चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना केली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन वर्षांत पदविका मिळविणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत सुमारे २२ टक्के होते. या उपक्रमात ते सुमारे ४० टक्के झाले. मात्र दर विद्यार्थ्यामागे खर्च साठ टक्क्यांहून अधिक वाढला.

दरडोई खर्च पाहणारा कोणीही हिशेबनीस हा उपक्रम उधळपट्टीचा ठरवून बंद करील. परंतु व्यवस्थापकीय हिशेबशास्त्राच्या पहिल्या सत्रातील विद्यार्थीही त्याला थांबवू शकेल. समजा, जुन्या पद्धतीत दर विद्यार्थ्यामागे १०० रुपये पडतात. शंभर विद्यार्थ्यांवर १०,००० रुपये खर्च होऊन २२ जण उत्तीर्ण झाले, तर एका पदविकेला सुमारे ४५५ रुपये पडले. नव्या पद्धतीत दर विद्यार्थ्यामागे १६३ रुपये धरले, तर १६,३०० रुपयांत ४० जण उत्तीर्ण होतात आणि एका पदविकेचा खर्च सुमारे ४०८ रुपयांवर येतो. जी व्यवस्था महाग वाटत होती, ती स्वस्त निघाली. मधल्या काळात रक्कम बदलली नाही. फक्त मोजमाप बदलले. स्वस्त म्हणून जिची भलामण होत होती, त्या व्यवस्थेत अठ्ठ्याहत्तर जणांवरील खर्च कोणत्या फळाच्या नावे लिहावयाचा, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

अर्थात, या युक्तिवादालाही मर्यादा आहेत. पदविका हेच शिक्षणाचे एकमेव फळ नव्हे. एखादी विद्यार्थिनी हा एकच विषय शिकून आपले छोटे दुकान नीट चालवू लागली, तर तिच्यावरचा खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. शिवाय केवळ पदव्या मोजून अनुदान दिले, तर दुर्बल विद्यार्थी नाकारण्याचा आणि परीक्षा सोप्या करण्याचा मोह संस्थांना होणारच. कॅलिफोर्नियाने २०१८ साली अनुदानाचे नवे सूत्र ठरविताना बराचसा भाग पटसंख्येवर ठेवून काही भाग गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येशी आणि काही भाग यशस्वितेशी जोडला, त्यामागे हीच सावधगिरी होती. एका आकड्यावर विसंबू नये, हाही या विषयाचाच धडा आहे.

आपल्यापुरते

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली कम्युनिटी कॉलेजची कल्पना आपल्याकडे आणली आणि २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला योजनेचे रूप दिले. नाव आले, अनुदान आले. परंतु विद्यार्थी टिकतो कशाने आणि गळतो कशाने, याचा हिशेब मांडण्याची सवय त्याबरोबर आली आहे काय?

खर्चाची व्याख्या कोण करतो यावर केवढे हितसंबंध अवलंबून असतात, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको. २०१८ च्या अर्थसंकल्पात उत्पादनखर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हा सरकारने धरला तो प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांचे श्रम यांचा. शेतकरी संघटनांनी मागितला तो स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज यांसहचा. शब्द एकच, ‘खर्च’. पण दोन व्याख्यांमधील अंतर लाखो घरांच्या चुलीपर्यंत पोचते. ते अंतर ज्याला वाचता येते तोच वाटाघाटीत बरोबरीने बसू शकतो. इतरांना दुसऱ्याने मांडलेले गणित मान्य करावे लागते.

म्हणूनच दिवसभर राबून सायंकाळी स्थिर आणि बदलत्या खर्चाची कोष्टके सोडविणाऱ्या विद्यार्थ्याकडे केवळ नोकरीच्या शोधातील उमेदवार म्हणून पाहू नये. हिशेब मांडण्याचा अधिकार आजवर मूठभरांकडे राहिला. तो अधिकार मिळविण्याची पहिली पायरी तो चढत असतो. त्याला वर्गात आणणे स्वस्त आहे. तो शेवटपर्यंत वर्गात राहील एवढी तरतूद करणे महाग दिसते. परंतु पहिल्या सत्राचा अभ्यास ज्यांनी नीट केला आहे, त्यांना या दोहोंतील कोणते अखेर महाग पडते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अनुदानाचे निर्णय करणाऱ्यांनीही कधीतरी त्या वर्गात जाऊन बसावयास हवे.