बेडकाचा डबा

मुलांनो, पावसाळ्यातल्या एका सोमवारी आमच्या करडीच्या शाळेत एक पाहुणा आला. चौथीतल्या एका मुलाने धानाच्या बांधीतून बेडूक धरून आणला होता. बरणीत ठेवलेला, झाकणाला भोकं पाडलेली. सोबत चार मेलेल्या माशाही टाकल्या होत्या. पण दुपारच्या सुट्टीपर्यंत बेडकाने एकीलाही तोंड लावलं नाही.

"सर जी, हा त काईच खात नाई!" मुलगा अगदी रडकुंडीला आला.

खाणार कसा? समोरची वस्तू हलली, तरच बेडकाला ती खाण्याजोगी वाटते. पडून राहिलेली माशी त्याच्या लेखी खड्यासारखीच. त्याला जिवंत किडे हवेत.

"मग आपण किडेच पाळू!" वर्गाने ठरवून टाकलं.

कल्पना काही जगावेगळी नव्हती. आपल्या भंडारा जिल्ह्यात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात, पाखरांपासून त्यांची राखण करतात. परदेशात सरडे, बेडूक पाळणारे लोक त्यांच्यासाठी रातकिडे वाढवतात. त्याची रीत अशी. उंच डब्याला वरून बारीक जाळी लावायची. लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवायचे. खायला कोंडा आणि भाजीची पानं. पाणी वाटीत द्यायचं नाही, पिल्लं बुडतात. ओला कापूस ठेवायचा. एका वाटीत ओलसर माती ठेवली की मादी शेपटाकडची सुईसारखी नळी मातीत खुपसून अंडी घालते. उबेत दहा-पंधरा दिवसांत पिल्लं निघतात. ती कात टाकत टाकत मोठी होतात. फुलपाखरासारखा कोष नाही. आणि रात्री किर्र करतो तो फक्त नर, पंखावर पंख घासून!

आता मी फळ्यावर गणित घातलं. समजा, बेडकाला रोज ४ रातकिडे लागले. रातकिडा अंड्यापासून मोठा व्हायला साधारण ६० दिवस लागतात. मग डब्यात लहान-मोठे मिळून किती हवेत?

"दोनशे चाळीस!" मुलं ओरडली. तेही एकही मेला नाही तर. शिवाय किड्यांनाच नीट खाऊ घातलं नाही, तर बेडकाच्या पोटात नुसती टरफलं जायची.

वर्ग गप्प झाला. मग तोच मुलगा हळूच म्हणाला, "सर, बांधीत याले कोन देते जी डबा?"

या प्रश्नासाठी मी त्याची पाठ थोपटली. धानावरचे तुडतुडे, पतंग, नाकतोडे हाच त्याचा डबा. तो जेवतो आणि आपलं पीक राखतो. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. साप, घोरपड, कासव धरून पाळायला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाईच आहे.

शाळा सुटल्यावर आम्ही सगळे बांधीवर गेलो. मुलाने हात ओले केले, कारण बेडूक कातडीतूनच पाणी पितो. कोरड्या हाताने त्याला इजा होते. बरणी आडवी केली. बेडूक क्षणभर बसला आणि डुबुक्! मुलाचे डोळे भरून आले होते, पण घरी जाऊन त्याने बाबांना विचारलं, "फवारनीचं औषध बेंडकाच्या कातडीतूनही जाते का जी?" जातं, मुलांनो. हा प्रश्न तुम्हीही घरी विचारा.

रातकिड्यांचा डबा मात्र आम्ही वर्गात ठेवला, फक्त पाहण्यासाठी. तुम्हीही करून पाहा. पिल्लं कधी निघाली, कात कितीदा टाकली, पहिलं किर्र कधी ऐकू आलं, ते तारखेसह वहीत लिहा. निरीक्षण संपलं की त्यांनाही गवतात सोडून द्या. तिथे कुणीतरी जेवायला बसलेलं असेलच!