शिफारसपत्र कुणाला मिळतं?

भिलाईत परदेशी पीएचडीचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, सीजीपीए किती? माझा ८.१. एका कन्सल्टन्सीवाल्याने आकडा ऐकून 'चान्स नाही' म्हटलं आणि पैसे भरून करायच्या मास्टर्सचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ होते, वर स्टायपेंड मिळतो, बऱ्याच विद्यापीठांत बीटेकनंतर थेट अर्ज चालतो, हे त्याने सांगितलं नाही. बाबा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे. घरात तरी कोण सांगणार?

मार्कांवर गाडी अडत नाही मित्रांनो, शिफारसपत्रांवर अडते. वजनदार पत्र मिळतं ते सरांच्या लॅबमध्ये काम केलेल्याला. आणि लॅबमध्ये कोण शिरतं? आम्हाला तर पहिल्याच आठवड्यात रँक विचारली गेली, म्हणजे जातच. तेव्हापासून सरांचं दार बंद. याला म्हणे मेरिट!

सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या देशभरात जागा १२५. २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं गेली. बाकीच्यांना 'निधी असेल तर'. बाबासाहेबांनाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. शंभर वर्षांनी कारण तेच!

वस्तीतली एक पोरगी आता बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला म्हटलं, आत्तापासून लॅबचं दार ठोठाव, एका सरांनी हाकललं तर दुसऱ्यांचं. अर्जाची फी माफ करा म्हणून विद्यापीठांना ईमेल कर, लाजू नकोस. पहिला ईमेल आम्ही काल रात्री मिळून लिहिला.