दादा घरात आहेत का?

शुक्रवारी संध्याकाळी अख्खं पुणं कुठे ना कुठे बाहेर पडलेलं असतं, तेव्हा मी माझ्या वन आरकेमध्ये जमिनीवर मांडी घालून एका मातीच्या कुंडीकडे बघत बसलेली असते. हसू नका. कुंडीत दादा आहेत.

दादा म्हणजे मासा. वीतभर लांब, जांभळट काळा, अंगावर निळ्या-हिरव्या टिकल्यांचा सडा. जात जॅक डेम्पसी, मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. ज्याच्यावरून हे नाव पडलं, तो जॅक डेम्पसी म्हणजे १९१९ ते १९२६ या काळातला जगज्जेता हेवीवेट बॉक्सर. स्वभावाची कल्पना आली असेलच! कुळ सिक्लिड. एंजल, ऑस्कर, तिलापिया ही सगळी भावकी. केरळच्या ट्रिपमध्ये केळीच्या पानात भाजलेला करीमीन चापला असेल, तर तोही याच खानदानातला.

दादा खरं तर माझे नव्हेत, माझ्या रूममेटचे. तिला बंगळूरूला नोकरी लागली, दहा दिवसांत जॉइन व्हायचं होतं. आमचा कोथरूडचा फ्लॅट सुटला, मी एकटीपुरती ही खोली घेतली आणि बाईसाहेब चार फुटी टँकसकट दादांना माझ्या गळ्यात बांधून गेल्या. जाताना दोनच गोष्टी सांगितल्या. एक, त्याला एकटं राहायला आवडतं. दोन, तो दिसतो तसा नाही.

दोन्ही मी विसरले.

शिफ्टिंगच्या दिवशी दादा झाकणाच्या बादलीत, जुन्याच पाण्यात, रिक्षाने आले. इथवर बरोबर होतं. पण मी पडले स्वच्छतेची भोक्ती. फिल्टरचा स्पंज काळाकुट्ट दिसला, म्हणून नळाखाली धरून पिळपिळ पिळला, अगदी नव्यासारखा केला. तिसऱ्या दिवशी दादांचे कल्ले भात्यासारखे हलत होते आणि पर अंगाला चिकटले होते. जेवण बंद. घाबरून मी जवळच्या अ‍ॅक्वेरियमवाल्या काकांकडे पळाले. त्यांनी पाण्याची टेस्ट केली. जे पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. अमोनिया.

फंडा असा आहे. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो आणि तो त्याच्यासाठी विष असतो. टँकमध्ये काही बॅक्टेरिया या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. या मंडळींची मुख्य वसाहत फिल्टरच्या स्पंजमध्ये असते आणि ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने ती तीन मिनिटांत उद्ध्वस्त केली होती. स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने. एवढंच माहीत असतं तर!

काकांनी त्यांच्या चालू टँकमधला स्पंजचा एक मळका तुकडा पिशवीत घालून दिला, "हे विरजण समजा." शिवाय रोज पाव टँक पाणी बदलायचं, नवीन पाण्यात हायपो टाकून क्लोरीन मारायचा आणि हीटर २६ डिग्रीवर ठेवायचा. पुण्याच्या डिसेंबरात मेक्सिकोचा माणूस, सॉरी, मासा, असा उघड्यावर सोडून चालत नाही. टँक अडीचशे लिटरचा, म्हणजे रोज साठेक लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच भरायचं. सकाळी नऊच्या स्टँड-अप मीटिंगआधी मी बादल्या वाहत होते. जिमची फी वाचली म्हणा.

दोन आठवड्यांनी पाणी सुधारलं. श्वास नीट झाला. पण दादा काही बाहेर येईनात. फिल्टरमागच्या फटीत तोंड खुपसून बसलेले. रंग उडालेला, टिकल्या विझलेल्या. मी ऑफिसातून आले की काचेवर टकटक करायचे, "दादा, आहात का घरात?" ते आणखी आत सरकायचे. ट्यूबलाइट लख्ख लावायचे, म्हणजे नीट दिसतील. ते दिसायचेच बंद झाले.

मग माझ्या सुपीक डोक्यात आलं की बिचारा बोअर होत असेल, कंपनी देऊ. दोन गोल्डफिश आणून सोडले. रात्री सगळं शांत होतं. सकाळी एक तळाशी पडला होता, शेपटी फाटलेली, एका बाजूचे खवले गेलेले. दुसरा कोपऱ्यात वर पाण्याला नाक लावून थरथरत होता. आणि दादा पुन्हा फटीत.

मुळात गोल्डफिश थंड पाण्यातला, संथ मासा. तो इथे आणणंच चूक. माझ्या हौसेपायी तो जीव गेला, दादांमुळे नाही. उरलेला मी काकांना परत दिला. त्या रात्री बंगळूरूला फोन करून सांगितलं, तर पलीकडून स्फोट, "तुला सांगितलं होतं ना एकटं राहू दे म्हणून! एक मासा सांभाळता येत नाही तुला?" मीही काहीतरी लागेल असं बोलले. दोन दिवस आमचा फोन बंद.

त्या दोन दिवसांत मी काकांच्या दुकानात स्टुलावर बसून शिकवणी घेतली. काका म्हणाले, "ताई, तो भांडखोर आहे म्हणून लपत नाही आणि लपतोय म्हणून गरीब नाही. घाबरलाय म्हणून दोन्ही करतोय." नदीत दोन सिक्लिड भांडले की हरणारा पळून जातो. टँकमध्ये पळणार कुठे? आणि जागा नवीन, स्वतःची म्हणावी अशी एकही भिंत नाही. अशा वेळी समोर येईल तो शत्रू.

मग उपाय काय? लपायला आणखी जागा द्यायची! मला वाटलं काका गंमत करतायत. आधीच दिसत नाही, त्यात आणखी लपवायचा? पण पाठीशी आसरा आहे याची खात्री पटली, की मासा आसऱ्यापासून लांब जायला धजतो. जायला घर असेल तरच माणूस फिरायला निघतो ना, तसंच.

तर मी मातीच्या दोन कोऱ्या कुंड्या धुऊन आडव्या ठेवल्या, तोंडं वेगवेगळ्या दिशांना. मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटवला. मोठे दगड थेट काचेच्या तळावर टेकवून रचले, कारण हे महाशय वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरला तर मासाही जातो आणि काचही. लाइट मंद केला. टकटक बंद. खाणं रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात, चार-पाच पेलेट. दहा मिनिटांत खाल्ले नाहीत तर काढून टाकायचे. आणि मग समोर नुसतं बसायचं. काही करायचं नाही. मी लॅपटॉप घेऊन बसायचे, त्यांना पाठ करून.

पाचव्या आठवड्यात काकांनी सात जायंट डॅनिओ दिले. चपळ, थव्याने फिरणारे, पाण्याच्या वरच्या थरात राहणारे. यांचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडतात, म्हणजे घरचीच पोरं. त्यांचं काम एकच, निवांत फिरत राहायचं. छोटे मासे उघड्यावर बिनधास्त फिरतायत म्हणजे आसपास धोका नाही, हे मोठा लाजरा मासा बघून ओळखतो. सोडण्याआधी दगड आणि कुंड्यांची जागा बदलली, म्हणजे दादांनाही नव्याने हद्द आखावी लागेल. सगळं गोड झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात सातांचे सहा झाले. काकांनी हा धोका आधीच सांगितला होता. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

मधल्या काळात आमचा फोन पुन्हा सुरू झाला होता. रोज नऊला, "दादा जेवले?" "नाही." "बरं." आणि कट. एकदा सहज विचारलं, "अगं, तू जेवलीस?" पलीकडे शांतता. मग कळलं. दीड महिना झाला, ती ऑफिसातून थेट पीजीच्या खोलीत जाते. टीममध्ये कुणाशी बोलणं नाही. जेवायला बोलावणाऱ्या पार्टनरवरच खेकसली, म्हणून आता तीही बोलवत नाही.

माझ्या तोंडावर आलं होतं, "अगं बाहेर पड, चार लोकांत मिसळ, कुठलातरी क्लास लाव!" आणि समोर काचेवर माझ्या बोटांचे जुने ठसे दिसले.

मी म्हटलं, "फोन चालू ठेव. मी माझं काम करते, तू तुझं कर." त्या रात्री तासभर आम्ही काही बोललो नाही. तिच्याकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, माझ्याकडून फिल्टरची घरघर. दुसऱ्या दिवशीही तसंच. हळूहळू ती बोलायला लागली. आधी बॉसला शिव्या, मग ट्रॅफिकला, मग एकदा चक्क हसली. पार्टनरला तिने सॉरी म्हटल्याचं मला चार दिवसांनी कळलं, तेही बोलता बोलता.

गेल्या शुक्रवारी सवयीप्रमाणे मी टँकला पाठ करून बसले होते. व्हिडिओ कॉल चालू होता. ती एकदम कुजबुजली, "हलू नकोस. मागे बघ. नको, बघू नकोस!" मी फोनच्या कोपऱ्यातल्या माझ्याच छोट्या चौकटीत पाहिलं. माझ्या खांद्यामागे, कुंडीपासून चांगले दोन फूट पुढे, दादा उभे होते. पर पूर्ण उघडलेले, सगळ्या टिकल्या पेटलेल्या. सहा डॅनिओ डोक्यावरून चालले होते आणि साहेबांचं लक्षही नव्हतं.

मग ते शांतपणे आपल्या कोपऱ्यात गेले आणि पेलेट खाल्ले. चार.

"जेवले," मी म्हटलं.

"मीपण," ती म्हणाली. "आज पार्टनरने पिठलं केलं होतं. भयानक होतं. दोनदा घेतलं."