अणुवीज केंद्राच्या पाण्यातही धरते बुळबुळ! टीसीएल तिथं चालत नाही

गोंदिया : गावच्या पाण्याच्या टाकीत उतरून भिंतीवर हात फिरवा, बुळबुळीत थर हाताला लागतो. आपण त्याला घाण म्हणतो. खरं तर ती जिवाणूंची वस्ती असते. चिकट आवरण तयार करून ते त्यात राहतात. शास्त्रात याला बायोफिल्म म्हणतात.

हीच बुळबुळ अणुवीज केंद्रातही धरते. भट्टीतून काढलेलं इंधन कित्येक वर्षं खोल हौदात, पाण्याखाली ठेवावं लागतं. पाणी त्याला गार ठेवतं आणि किरणोत्सार अडवतं. हे पाणी क्षार काढून इतकं शुद्ध केलेलं असतं, की त्यात जिवाणूंना खायला जवळपास काहीच नसतं. तरी ते तग धरतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर इथल्या अशाच हौदात इंधनावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले होते. तपासणीत ते जैविक असावेत, असं आढळलं.

मग बिघडलं कुठं? थराखाली प्राणवायू कमी, बाजूला जास्त. या फरकामुळे धातूला बारीक खड्डे पडू शकतात, स्टेनलेस स्टीललासुद्धा! शिवाय पाण्यातले किरणोत्सारी कण थरात साचतात. आपला जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकून मोकळा होतो, पण तिथं ते जमत नाही, कारण क्लोरिनमधून होणारं क्लोराइड स्टीललाच खातं. म्हणून गाळण्या आणि अतिनील किरण वापरतात.

हे आत्ताच का सांगायचं? केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉट अणुविजेचं लक्ष्य ठेवलं. सध्या देशात ती नऊ हजार मेगावॉटच्या आसपास आहे. आपला तिरोड्याचा औष्णिक प्रकल्प ३,३०० मेगावॉटचा, म्हणजे असे तीस प्रकल्प झाले! महाराष्ट्रात तारापूर १९६९ पासून सुरू आहे. भट्ट्या वाढल्या की इंधनाचे हौदही वाढणार. चर्चा मात्र होते ती जमीन, मोबदला आणि नोकऱ्यांची. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण जनसुनावणीत हौदाचं पाणी किती दिवसांनी तपासणार, इंधनाच्या धातूवर कॅमेरा कधी फिरवणार आणि त्याचा अहवाल ग्रामपंचायतीला मराठीत मिळणार का, हेही विचारायला पाहिजे. आपल्या टाकीत माणूस उतरून पाहू शकतो, त्या हौदात असं सहज कोणी उतरू शकत नाही.