ओरेगॅनोच्या नावाखाली काय विकतो आपण?

गच्चीवर बाग करणारा ग्राहक हल्ली पुदिना आणि गवती चहाबरोबर ओरेगॅनोही मागतो. मागणी खरी आहे, टिकणारीही आहे. म्हणूनच त्या नावाने आपण त्याच्या हाती नेमके काय देतो, हे आपण रोपवाटिकावाल्यांनी तपासायला हवे.

पुष्कळदा त्या कुंडीत पानओवा असतो. दोघांच्या वासात साम्य आहे, कारण कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही द्रव्ये दोघांतही सापडतात. थायमॉल तर आपल्या ओव्यातही आहे. पण जाड, रसाळ पानांचा पानओवा ही निराळी वनस्पती. भज्यांसाठी तो उत्तमच, त्याला उसन्या नावाची गरज नाही. ओरेगॅनोचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे तो मरवा. गजऱ्यातला हा मरवा ओरिगॅनम याच कुळीतला.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. ओरिगॅनम व्हल्गेर ही जात काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर रानात उगवते. तिच्या गुलाबी-जांभळ्या फुलांच्या सामान्य प्रकाराला स्वाद बहुधा फिकाच असतो. स्वयंपाकाला हवी ती ग्रीस-तुर्कस्तानकडची हिर्टम ही उपजात. तिची फुले पांढरी, पाने लवदार आणि चव जिभेला चरचरणारी. पाकिटावर नुसते ‘ओरेगॅनो’ लिहिलेल्या बियांतून काय निघेल याचा भरवसा नसतो, शिवाय बियांची रोपे एकसारख्या वासाची निघत नाहीत. त्यामुळे पान चावून पाहून मातृरोप निवडावे आणि फुलावर न आलेल्या कोवळ्या शेंड्यांचे छाट लावून त्याचीच रोपे वाढवावीत. बी पेरायचेच असेल तर त्यावर माती लोटू नये. त्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो.

खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या खडकाळ, चुनखडीच्या उतारावर वाढलेल्या या झाडाला आपला आषाढ-श्रावण झेपत नाही. काळ्या मातीच्या कुंडीत मुळे कुजतात. मिश्रणात जाड वाळू सढळ हाताने घालावी आणि पावसाचे चार महिने कुंडी छपराखाली, पण वाऱ्याला ठेवावी. शेणखत बेतानेच, कारण खताने पाला माजतो आणि वास उतरतो. हे विकताना ग्राहकाला सांगितलेच पाहिजे, नाहीतर भाद्रपदात मेलेल्या रोपाचा दोष तो स्वतःच्या हाताला देतो.

वापराबद्दलही दोन शब्द सांगावेत. कोथिंबीर वाळली की वास गमावते. ओरेगॅनोचा वास वाळल्यावर अधिक दाट होतो. कळ्या उमलायच्या बेतात असताना फांद्या कापून सावलीत वाळवाव्यात, पाने अखंड भरून ठेवावीत आणि टोमॅटोच्या रश्शात किंवा भाजलेल्या वांग्यावर घालताना चुरडावीत. घरच्या पानाला मोल आहे ते यामुळेही: २०१५ साली ब्रिटनमध्ये तपासलेल्या सुक्या ओरेगॅनोच्या ७८ नमुन्यांपैकी जवळजवळ चौथाई नमुन्यांत ऑलिव्हसारख्या दुसऱ्याच झाडांचा पाला निघाला होता.

हिवाळ्याच्या विक्रीसाठी छाट लावण्यापूर्वी आपापली मातृरोपे एकदा तपासा. पाटीवर उपजातीसह पूर्ण नाव लिहा. आणि ज्या रोपाची खात्री नाही, त्यावर ओरेगॅनोची पाटी लावू नका.